साहेबांचं दुसरं पत्र

मागच्या महिन्यात सौंसरहून एका जुन्या सहकारी बाईंचा फोन आला, की गुरुजी गेले. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, की तुम्हाला कोणी सांगितलं? त्यांना दूधवाल्याने सांगितलं होतं. मी विचारलं, त्याने स्वतः पाहिलं का? यावर मला वाटतं त्या थोड्या रागावल्या. मी फोन ठेवला आणि सरळ गुरुजींचाच नंबर लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग तोच खरखरीत आवाज आला, "कोण बोलून राहिलं?" मी म्हटलं, गुरुजी, तुम्ही गेल्याची बातमी आहे. ते म्हणाले, "लेखी आहे का?"

मला इतकं हायसं वाटलं की मी शाळेच्या पायरीवरच बसले. गेले होते ते दोन गल्ल्यांपलीकडचे दुसरे एक मास्तर. त्या बापड्यांसाठी वाईट वाटायला हवं होतं, ते मला दुसऱ्या दिवशी वाटलं.

माझी बदली होण्याआधी सौंसरला मी तीन वर्षं गुरुजींच्या घरी वरच्या खोलीत राहिले. मी सरकारी शाळेत गणित शिकवायचे, ते इतिहास शिकवून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मे महिन्यातही डोक्याला लोकरीची टोपी, आणि कुठेही निघाले तरी सायकलच्या हँडलला साडीच्या दुकानाची एक पिशवी. पिशवीत कागद. भाजी आणायची झाली तर ती पिशवीत टाकायची नाही, कागद ओले होतात. त्यामुळे एका हातात मेथीची जुडी आणि दुसऱ्या हातात हँडल, असे बाजारातून डुलत येणारे गुरुजी अर्ध्या सौंसरने पाहिले आहेत.

कागद म्हणजे पत्रं. नागपूरच्या राज्याच्या काळात एक सरदार फौज घेऊन नर्मदेकडे गेला होता आणि सहाएक महिने तिकडून पत्रं लिहीत होता. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण गुरुजीही कधी घेत नसत. ते त्याला 'साहेब' म्हणायचे. मोडीतली ती पत्रं त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवून, कुठे कुठे जाऊन, हाताने उतरवून आणली होती. रोज सकाळी त्यातलं एक वाचायचं आणि चहाच्या वेळी मला साहेबांची खबर द्यायची, असा क्रम होता. आज साहेबाले सर्दी आहे. आज साहेब लय तापले, घोड्याच्या नाला आल्या नाहीत. एकदा मी शाळेत निघाले तर गुरुजी जिन्याखाली चेहरा पाडून उभे. मला वाटलं, नात्यातलं कोणी गेलं. विचारलं तर साहेबांचा आवडता घोडा मेला होता, दोनशे वर्षांपूर्वी. त्याचं दुखणं पहिल्यापासून ऐकून घेण्यात मला उशीर झाला, आणि मुख्याध्यापकांना खरं कारण काही सांगता आलं नाही.

त्यांचं म्हणणं असं, की लढाईवरून लिहिलेल्या पत्रासारखा इतिहासाला पुरावा नाही आणि त्याच्याइतका खोटारडा पुरावाही नाही. साहेब लढाई चार ओळींत उरकायचे आणि वैरणीवर दोन पानं लिहायचे. बाकीचे लोक त्या चार ओळी उचलतात. गुरुजी वैरण वाचायचे. किती वैरण मागितली यावरून किती जनावरं उरली ते काढायचे, आणि मग चार ओळींतला विजय कितपत खरा ते ठरवायचे. "माणूस मालकाले एक लिहिते अन् घरी दुसरं लिहिते," हे मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. दरबाराला गेलेलं पत्र सापडलं तर निम्मंच काम झालं, त्याच दिवशी घरी काय लिहिलं ते पाहा, असं ते बजावायचे. एकट्या पत्रावर ते कधी विसंबत नसत.

आता हा नियम साहेबांपुरता ठेवला असता तर ठीक होतं. पण पांढुर्णा जिल्हा झाला, आपलं सौंसर त्यात गेलं, बाजारात गुलाल उडाला, तरी गुरुजी पत्त्यावर जुनाच जिल्हा लिहीत राहिले. लोकांनी दिलेले पेढे खाल्ले, पण मान्य केलं नाही. शेवटी मीच शाळेच्या ऑफिसातून राजपत्राची प्रत छापून आणली. ती दोनदा वाचून त्यांनी "झाला म्हणायचा" अशी परवानगी दिली आणि संध्याकाळी मला पेढे आणून दिले, तोवर गावाचं खाऊन, पचवून झालं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावची माणसं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीची कहाणी त्यांनी वहीत एकाच पानावर दोन बाजूंना लिहून ठेवली होती. डावीकडे पांढुर्ण्याच्या माणसांनी सांगितलेली, उजवीकडे सावरगावच्या. मधून निळ्या शाईची एक उभी, वाकडी रेघ. ती जाम नदी, असं त्यांनी मला समजावून सांगितलं.

मला या सगळ्याची मजा वाटायची, पण आतून धाकधूकही असायची. कारण या साहेबांची एक गोष्ट मला गुरुजींच्या कितीतरी आधीपासून माहीत होती. आमचं गाव पांढुर्ण्यापासून अर्ध्या तासावर. तिथलं शेंबडं पोरही ती सांगेल. आमचा एक पूर्वज साहेबांच्या फौजेत, घरचे बैल घेऊन, तोफा ओढायला होता. ऐन लढाईत तो बैल घेऊन पळाला. तोफा चिखलात राहिल्या, दुश्मनाच्या हाती गेल्या, साहेब हरले आणि पुढे महिनाभरात मारले गेले. पूर्वज मात्र काही दिवसांनी बैलांसकट गावात उगवला, आणि कोणी काही विचारलं तरी मरेपर्यंत एक शब्द बोलला नाही. तेव्हापासून आमच्या घराला 'पळे' म्हणतात. खरं आडनाव वेगळं आहे, पण ते मतदार यादीत.

पोळ्याला गावचे बैल तोरणाखाली उभे राहतात. आमची जोडी सगळ्यांच्या शेवटी, तोरण जिथे संपतं त्याच्याही पलीकडे. कोणी हाकलत नाही. आमची माणसं आपण होऊनच तिथे जाऊन उभी राहतात. तोरणाखाली लोक झडत्या म्हणतात, यमक जुळवून एकमेकांची टर उडवतात, तेव्हा एखादी आमच्या घरावर असतेच. सगळे हसतात. बाबाही हसतात. त्यांचं ते हसणं मला लहानपणापासून बघवत नाही.

पूर्वी ही निदान ऐकीव गोष्ट होती. आजोबा म्हणायचे, कोण पाहाले गेलं होतं. पण माझ्या जन्माच्या आधी गावच्या शाळेची स्मरणिका निघाली आणि तिच्यात साहेबांनी दरबाराला लिहिलेलं पत्रच छापून आलं. अमुक गावचा अमुक, अंधार पडताच बैल घेऊन पळाला, त्यापायी तोफा गेल्या. नावानिशी. झालं, गोष्ट छापील झाली, आणि आजोबांचं तोंडही बंद झालं. म्हणून खोली घेताना मी गुरुजींना मतदार यादीतलं आडनाव सांगितलं, आणि गावाचं फक्त 'पांढुर्ण्याकडची' एवढंच. त्यांनी पुढे विचारलं नाही. प्रत्येक गोष्टीचा उगम शोधणाऱ्या माणसाने एवढ्यावर भागवलं, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

तिसऱ्या वर्षी पोळ्याला मी घरी गेले नव्हते. दुपारी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी, दरवर्षीप्रमाणे, स्मरणिकेच्या त्या पानाचा फोटो टाकला. खाली दहा-बारा जणांचे हसणारे चेहरे. आणि त्यांच्याखाली बाबांनी हात जोडल्याचं चित्र टाकलेलं. बास, तेवढ्याने माझा बांध फुटला. जिन्यात बसून रडत होते तर गुरुजी आले. काय झालं म्हणून विचारलं. मी त्यांच्यापुढे फोन धरला आणि खवचटपणे म्हटलं, घ्या, ऐकीव नाही, छापील आहे.

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. मग माझ्याखालच्या पायरीवर बसले.

"हे मी छापलं, मॅडम," ते म्हणाले.

ते तेव्हा नवे नवे मास्तर होऊन आमच्याच गावी आले होते. मोडी नुकती शिकलेली. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वाचलेलं पत्र ते हेच. इतिहास सापडला या आनंदात त्यांनी ते स्मरणिकेला देऊन टाकलं, खाली नावही घातलं नाही, विनय म्हणून. पुढे साहेबांची बाकीची पत्रं वाचताना त्यांच्या लक्षात आलं, की स्वतःची चूक असली की साहेब दरबाराला दुसऱ्याचं नाव कळवतात. त्या दिवशीचं घरचं पत्र मात्र कुठेच मिळेना. साहेबांच्या कारभाऱ्याचे वंशज रामाकोन्याला आहेत, त्यांच्याकडे एक दप्तर आहे, पण ते देवघरात ठेवलेलं. दसऱ्याला त्याची पूजा होते, आणि ते कोणी उघडत नाही. गुरुजी वर्षानुवर्षं दसऱ्याला तिथे जात होते आणि चहा पिऊन परत येत होते. हे सगळं सांगून वर म्हणाले, की तुमचं आडनाव ऐकूनच खोली देली.

मला काय बोलू नि काय नको असं झालं. त्यामुळे मी सगळंच बोलले. म्हटलं, एका पत्रावर विश्वास ठेवू नये हे शहाणपण तुम्हाला आमचं घर जाळून सुचलं का? आमच्या बाबांना कधी येऊन सांगितलंत? त्यावर ते म्हणाले, काय सांगू, पुरावा नव्हता. मी दार लावून घेतलं आणि महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. चहा बंद. गुरुजींनी मग साहेबांच्या खबरी चिठ्ठीवर लिहून जिन्यात ठेवायला सुरुवात केली. साहेबांच्या तळावर पाऊस. साहेबांनी आंब्याच्या झाडांची चौकशी केली. मी त्या केरात टाकायचे. वाचून टाकायचे, हे कबूल करायला हवं. दसऱ्याच्या चार दिवस आधीच्या चिठ्ठीत साहेब नव्हते. 'रामाकोन्याला येता का. काय निघेल सांगता येत नाही', एवढंच.

मी गेले. बसमध्ये ते बराच वेळ पिशवी मांडीवर धरून बसले होते. मग म्हणाले, एक आत्ताच सांगून ठेवतो, वाईट निघालं तरी मी ते तसंच वाचीन. मला पुन्हा संताप आला. वाईट निघालं तर गप्प बसता येणार नाही का, म्हणून विचारलं. ते म्हणाले, "एक चूक करून बसलो, पोरी. दुसरी कराले लावू नको." तोवर त्यांनी मला कधी मॅडमशिवाय हाक मारली नव्हती. मी खिडकीबाहेर संत्र्याचे बगीचे बघत राहिले आणि मनातल्या मनात परत फिरायची कारणं शोधत राहिले.

रामाकोन्याचे ते काका संत्र्याचे बागायतदार, बाबांच्या वयाचे, मोठे अगत्यशील. देवघरात नांगराचा फाळ, विळे आणि त्यांच्याशेजारी दप्तर अशी पूजा मांडलेली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हळदीकुंकवाने दप्तराचं लाल फडकं पुठ्ठ्यासारखं कडक झालं होतं. काकांनी गुरुजींच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि हसत म्हणाले, चहा घ्या, फराळ करा, पण तो विषय काढू नका. त्यांच्या आजोबांनी सांगून ठेवलं होतं, की दप्तर सोडलं तर घराचं वाटोळं होईल. गुरुजींनी मान हलवली, चहा घेतला आणि चपलांकडे वळले. दरवर्षी ते इथूनच परत जात असणार.

तेव्हा मी बोलले. आधी ठरवलेलं नव्हतं.

"काका, मी पळ्याची पोरगी आहे," मी म्हटलं. "ज्याच्यापायी तोफा गेल्या म्हणतात, त्याच्या घरची. खरं काय ते तुमच्या देवाजवळ आहे. वाईट असन तरी चालन, पण आमाले माहीत होऊ द्या."

जन्मात पहिल्यांदा मी ते नाव स्वतःच्या तोंडाने घेतलं होतं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "देव आहे तर पोरीचं वाईट कसं करन? सोडा ते." काकांनी दप्तराला डोकं टेकवलं, हात धुऊन आले आणि दुसऱ्या कोणाला हात न लावू देता स्वतः गाठ सोडली.

आत तीसेक पत्रं होती. काठ पिवळेधमक, पण एकालाही कसर लागलेली नव्हती, इतकी हळद आत मुरली होती. गुरुजी तारखा पाहत एकेक बाजूला ठेवत गेले. एका पत्राशी थांबले. वाचलं. पुन्हा वरून वाचलं. मी त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते बघत होते, तर त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. तीन वर्षांत मी त्यांचं डोकं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, संपलं आता.

"बैल साहेबानंच पाठवले," ते म्हणाले.

दरबाराचा हुकूम होता, की तोफांचे बैल तळावरून हलवायचे नाहीत. पण पहिल्या दिवशीच्या लढाईत माणसं फार जायबंदी झाली होती आणि दुसऱ्या दिवशी दुश्मन पुन्हा येणार होता. साहेबांनी अंधार पडताच तोफांचे बैल सोडवले, सामानाच्या गाड्यांना जुंपले, पंचवीस जखमी त्यांत घातले आणि आमच्या पूर्वजाला सांगितलं, यांना ज्याच्या त्याच्या गावी पोचव आणि कोणाजवळ बोलू नकोस. तोफा जाणार हे त्यांना माहीत होतं. कारभाऱ्याला त्यांनी लिहिलं होतं, 'दरबारी तो पळाला असे लिहिले आहे. खरे लिहितो तर माझे डोके राहत नाही. मी परत आल्यावर त्याचे तोंड उजळ करीन.' पण साहेब परत आलेच नाहीत. कारभाऱ्यानेही पत्र बांधून ठेवलं, कारण ते बाहेर आलं असतं तर साहेबांच्या मागे राहिलेल्या बायकापोरांवर दरबार उलटला असता. उघडू नका, वाटोळं होईल, हे त्यानेच सांगितलं असणार.

मी तिथेच हमसून हमसून रडले. काकू पाठीवरून हात फिरवत होत्या. दुःखाचं रडणं नव्हतं ते. कोणीतरी वर्षानुवर्षं छातीवर ठेवलेला पाय काढावा, तसं मोकळं वाटत होतं. गुरुजी मात्र गुरुजीच. त्यांनी मला आणखी तासभर बसवून ठेवलं. अक्षर ताडून पाहिलं, तारीख दरबाराच्या पत्राशी जुळवली, मग पुढची पत्रं काढली. त्यांत घोड्यांची वैरण मागितलेली होती, बैलांची कुठेच नव्हती, आणि पळालेल्यांना शोधा असंही कुठे नव्हतं. तेव्हा कुठे त्यांनी समाधानाने मान हलवली. फोटो घेतले, नक्कल केली, आणि काकांनी दप्तर पुन्हा बांधून वर हळदकुंकू वाहिलं.

मी म्हटलं, फोनवर सांगते बाबांना. गुरुजी नाही म्हणाले. त्याच पावली आम्ही सौंसरवरून पांढुर्णा आणि तिथून आमचं गाव गाठलं. बाबा अंगणात बसले होते. गुरुजींना त्यांनी लगेच ओळखलं, खुर्ची पुढे केली. गुरुजी बसले नाहीत. हात जोडून म्हणाले, "मी अर्धं वाचून छापलं होतं. चूक माझी आहे. आता पूर्ण वाचाले आलो." आणि उभ्यानेच त्यांनी नक्कल वाचून दाखवली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मधे जुना शब्द आला की त्याचा अर्थ सांगत. आई पदराने डोळे पुसत दारात उभी होती. वाचून झालं तरी बाबा मान खाली घालून बसलेले. मला वाटत होतं, आता ते रडतील, नाहीतर उठून गावाला हाका मारतील. त्यांनी मान वर केली.

"गुरुजी," ते म्हणाले, "मंग ते जखमी लोक वाचले काय?"

इतकी वर्षं त्या पत्रांत घालवून हा प्रश्न गुरुजींना कधी पडला नव्हता, मलाही पडला नव्हता. आम्ही दोघं बैल कोणी पाठवले एवढ्यातच अडकलो होतो. त्यांनी हातातला कागद उगाच एकदा उलटा करून पाहिला आणि म्हणाले, की पत्रात तसं काही नाही, मले माहीत नाही.

बाबांनी त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

"वाचले असतीन," बाबा म्हणाले. "बैल आपल्या घरचे होते."